कुठे आणि कुठं

राजारामपुरी, पाचवी गल्ली, जिन्याखालची खोली.
भिंतींना सोलापुरी चादरी ठोकलेल्या, पंखा बंद;
पंख्याची घरघर पोरांना ऐकू जाते म्हणे.
मी घामानं निथळत होतो.
समोरच्या माइकला म्हटलं,
ससा कुठं लपला?

काचेपलीकडून निनाद म्हणाला, कुठे.
मी म्हटलं, तेच की. कुठं.
ताई, मात्रा. मात्रा ऐकू येऊ दे.

मात्रा ऐकू आली अकराव्या वेळी.
मग माकडीण अडली.
ती झाडावरून उतरते आणि म्हणते, मी आले.
माझ्या तोंडून निघे, मी आलो.
निनाद पुण्याचा. हसला नाही, बिचारा.
त्याला कसं सांगू, आमच्यात आई आलो म्हणते, आत्याही आलो म्हणते,
लग्नात मामा हाक मारत होता तेव्हा
आलो आलो करत मी बोहल्यावर चढलो.

शाब्बास सतरा वेळा घेतलं.
त्यातलं तिसरं ठेवलं.
पुन्हा प्रयत्न कर, हे मात्र एकाच दमात झालं.
डोळे मिटले आणि हारून मुल्लाणी दिसला,
शुक्रवार पेठेतल्या माझ्या बालवाडीतला,
जो सात हा आकडा उलटा काढायचा
आणि पाटी पोटाशी धरून बसायचा.
त्याला म्हणायचो तसंच म्हटलं.
तेवीस पोरं होती तेव्हा. नंतर नऊ.
नंतर घरमालकानं तिथं झेरॉक्सचं मशीन ठेवलं.

चार तासांचे अठ्ठावीसशे मिळाले.
घरी जाताना मिक्सरचं भांडं घेतलं.

खेळ फुकट आहे. कुणीही घ्यावा.
मधे जाहिराती लागतात, त्या माझ्या आवाजात नाहीत.
आता मी कुठंही भेटतो स्वतःला.
केएमटीत, मागच्या सीटवर, अ अननसाचा.
दवाखान्यात, नंबर लागेपर्यंत,
त्रिकोणाला किती बाजू.
कपिलतीर्थात मेथीच्या जुड्यांमागं
एक पोरगी माझं ऐकत झोपून गेलेली
आणि मी तिला शाब्बास म्हणत होतो, म्हणतच होतो.
मी आपली मेथी घेतली. काय बोलणार.

परवा गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
आकाराम म्हशीखाली चरवी धरून बसलेले,
शेजारी पोत्यावर त्यांचा नातू, विश्वतेज,
वय साडेतीन, हातात आजोबांचा फोन,
काचेवर वाळलेल्या दुधाचे ठिपके.

म्हैस कुठे आहे?
विचारलं मीच. मात्रेसकट.
पडद्यावर चार चित्रं: घोडा, बदक, मांजर
आणि लांब पापण्यांची एक निळी म्हैस,
अशी म्हैस अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

विश्वतेजनं बोट उचललं
आणि समोरच्या म्हशीकडं केलं.

फोन थांबला. सात सेकंद थांबतो तो.
पुन्हा प्रयत्न कर.
पोरानं बोट हलवलं नाही.
पुन्हा प्रयत्न कर.
तो उठला, दोन पावलं पुढं गेला,
म्हशीच्या ओल्या नाकाला बोट टेकवलं
आणि मान वळवून फोनकडं बघितलं,
आता तरी दिसतंय का, अशा नजरेनं.

पुन्हा...

मला राहवेना.
बरोबर हाय की रं, म्हटलं. ही काय म्हैस. शाब्बास!
हे अठरावं होतं. कुणी घेतलं नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग पोत्यावरचा फोन उचलला,
उलटा केला, मागनं बघितला, हलवला.
पुन्हा माझ्याकडं.

भाईर कवा आलीस?

आत्ताच आलो, म्हटलं.

आकाराम मान वर न करता विचारत होते,
अर्धा का एक?